रिकाम्या वस्तीचे आकडे

आबा, तुम्हाला लिहायचं म्हणून मी आतापर्यंत तीन वह्या घेतल्या आणि तिन्ही भलत्याच कामाला लागल्या. पहिलीत नांदेडच्या खोलीतल्या पोरांनी पत्त्यांचे गुण लिहिले. दुसरी हैदराबादेत खोली सोडताना फळीवरच राहिली. तिसरीत काय आहे ते पुढं सांगतो, सगळी तकलीफ तिथंच आहे. तुम्ही गेल्याला दहा वर्षं झाली. लिहायला काही नव्हतं असं नाही, पण लिहिलं की तुम्ही विचारणार, काय करून राहिलास, आणि त्याचं उत्तर दर सहा महिन्यांनी बदलायचं. म्हणून म्हणायचो, एकदा धड काहीतरी हाताला लागू दे, मग लिहू. बी.ए.चं दुसरं वर्ष सोडलं, कनेरगाव नाक्याच्या एका धाब्यावर चार महिने काढले. तिथली शेवभाजी इतकी जहाल की नेहमीचे ड्रायव्हर आधी पाणी मागवायचे, मग भाजी. एक म्हातारा ट्रकवाला तर दही सोबत घेऊन फिरायचा, त्याची पण एक गंमत आहे. राहू द्या. मी असा भरकटतो. तुम्ही गावात सगळ्यांसमोर म्हणायचे, "ह्या पोराला एखाद्या वासराच्या मागं धाडा, वासरू घरी येतंय, हे वाशिमला निघतंय."

आता मी तुमच्याच चौकीत बसलोय. कालव्याच्या काठावरची तीच खोली, तीच खिडकी, पत्रा तेवढा नवा. वैशाखातली दुपार आहे आणि उन्हाळी भुईमुगाची पाळी चालू आहे, म्हणून सिद्धेश्वर धरणाचं पाणी खिडकीखालून वाहतंय. आता पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी माझ्याच वयाचा आहे. त्याला सांगितलं, मी आधीच्या पाटकऱ्याचा मुलगा, पुण्याहून आलोय, जरा बसू का? तो म्हणाला, "बसा की. तुमच्या आबाची गोष्ट अजून सांगतेत लोक, त्यायच्या काळात म्हणे शेवटाचं रान आधी भिजायचं." मग त्यानं विचारलं, पुण्याला काय करता? मी सांगितलं. त्याचं हसू अजून थांबलेलं नाही.

तुम्हालाही सांगतो, तुम्ही पण हसाल. पुण्यात एक कंपनी आहे. पुढं मोठ्या शहरांत बिनड्रायव्हरच्या, बॅटरीवरच्या गाड्या येणार, त्या भाड्यानं फिरणार, आणि बॅटरी उतरली की आपल्या आपण जाऊन चार्जिंगला लागणार. कुठं लागायच्या, किती वाजता लागायच्या, एका वेळी किती, याचा आराखडा ती कंपनी करते. एकदम हजार गाड्या संध्याकाळी एकाच भागात लागल्या तर त्या भागातले पंखे बंद पडतील. म्हणून कुठल्या डीपीवर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, कुठल्या घडीला भार कमी आहे ते आधी माहीत पाहिजे. मग संगणक गाडीला सांगणार, इथं गर्दी आहे, तू तिकडं जा, तिकडं दुपारी वीज मोकळी आहे. गाडी मुकाट जाणार. तिला ना भूक, ना घाई, ना घरी कुणी वाट बघणारं. माझं काम पायांचं. गल्लोगल्ली फिरायचं, गाडी उभी राहील अशा जागा नकाशावर टाकायच्या आणि डीपीवर भार मोजायचं यंत्र बसवलं की रोज चार वेळा जाऊन त्याचा आकडा लिहून आणायचा. सलग सात दिवस. हिंडण्याचे पैसे मिळतात हे ऐकून मी दुसऱ्या दिवशीच रुजू झालो होतो. पहिल्यांदा वाटलं, आबांना लिहावं असं काम आहे.

कारण हे तुमचंच काम आहे हो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना बसवून आमच्या मॅडमनी समजावून सांगितलं. मॅडम म्हणजे संगणकावरचा सगळा हिशोब बसवणारी बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, बोलणं झटपट, चहा बिनसाखरेचा. फळ्यावर तिनं एक लांब रेघ ओढली, म्हणाली, ही तार. सुरुवातीला जे आहेत त्यांना वीज चांगली मिळते, शेवटाला जाईपर्यंत दाब पडतो. तर आधी कुणाला द्यायची? मी मागून म्हणालो, "शेवटच्याला." ती वळली. "का?" मी म्हणालो, "वरच्यानं आधी घेतलं तर खाली पोचतच नाही. खालून भिजवत वर यायचं. वरच्याचं काय, त्याच्या दारातूनच पाणी चाललंय, तो कुठं जातोय." सगळे हसले, ती हसली नाही. तिनं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती मला काहीबाही विचारायला लागली आणि माझ्या आकड्यांवर तिचा विश्वास बसला. तुमच्या जिवावर बसला, आबा. आणि तिथंच माझं चुकलं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी सतरा वर्षांचा होतो. तुम्हाला ताप भरला होता आणि पाळी मला सांभाळायला दिली होती. कालव्यातून रानाकडं जाणाऱ्या त्या चारीवर रीत अशी की ज्याला पाळीच्या दिवशी गाव सोडायचं असेल त्यानं आपलं फावडं चारीच्या तोंडाशी उभं रोवून जायचं. फावडं उभं आहे म्हणजे माणूस उभा आहे, त्याचं पाणी तुम्ही स्वतः धरायचे. शेवटाला चाचांचं रान. गहू ओंबीत आलेला. मी गेलो तर चाचा नाहीत, फावडंही नाही. वरच्या अंगाला हळदवाले काका घाई करत होते, "अरे न्हाई आला तो, सोड इकडं, पाणी काय हवेत उडवतोस?" मी चारीचं दार काकांकडं फिरवलं. संध्याकाळी कळलं की चाचींना पोटात कळा आल्या म्हणून चाचा त्यांना घेऊन पहाटेच हिंगोलीला गेले होते. फावडं रोवायचं कुणाला सुचतंय अशा वेळी.

तुम्ही खाटेवर उठून बसलात. मला वाटलं, आता मार बसतो. तुम्ही आवाज पण चढवला नाही. "फावडं न्हवतं म्हणतोस. मग रान न्हवतं का तिथं? गहू न्हवता का उभा?"

मी म्हणालो, "कुणीच नव्हतं आबा."

"कुणी न्हवतं म्हणून तर तू होतास. माणूस हजर असल्यावर पाटकरी कशाला लागतो?"

पुढच्या पाळीला तुम्ही आपल्या दीड एकराचं पाणी चाचांना दिलं. तोवर उशीर झाला होता, दाणा बारीकच राहिला. चाचा मला कधी काही बोलले नाहीत. ईदला शीरखुर्मा घेऊन आले तेव्हा वाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "खा बेटा," आणि मला ती वाटी संपवायला अर्धा तास लागला. त्या वाटीला निळी कड होती. बघा, निघालो परत. सरळ सांगतो.

पुण्यात एका टेकडीच्या उताराला एक वस्ती आहे. निम्मी आपल्या भागातली. डोंगरकड्याची, कळमनुरीकडची, काही वाशिमची. गडी बांधकामावर, बाया घरी शिलाईवर. मोटरच्या मशिनी आहेत, शाळेचे गणवेश शिवतात. मी पहिल्यांदा डीपी शोधत तिथं गेलो तेव्हा एका बाईनं माझं बोलणं ऐकून मशीन थांबवली. "कुठलं रे भाऊ तू? हिंगोलीचा व्हय? मंग बाहीर काहून उभा, आत ये." ती डोंगरकड्याची. मी तिला ताई म्हणायला लागलो. तिला बिनड्रायव्हरच्या गाडीचं सांगितलं तर म्हणाली, "आन् ती आडवी आली तर शिव्या कुणाला घालाच्या?" नवरा आतून ओरडला, "तुला माणूस लागतोच का शिव्या द्यायला? मशिनीला तर रोज देतीस." त्या घरी मी किती वेळा जेवलो असेन, तुम्हाला सांगायला लाज वाटते.

त्या वस्तीच्या डीपीचे सात दिवस माझ्याकडं आले ते नेमके दसऱ्याच्या आठवड्यात. पहिले दोन दिवस मी बराबर गेलो, चारही वेळा. आकडा कमी येत होता, कारण लोक गावाला निघाले होते. घरांना कुलपं लागत होती, मशिनींवर चादरी पडत होत्या. आणि मला पण यायचं होतं, आबा. हिंगोलीचा दसरा मी चार वर्षं बघितला नव्हता. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या लोकांनी गाडी ठरवली होती, ताई म्हणाली, "एक सीट हाय, चल की." मी चढलो. पुणं सुटायच्या आत, अजून ऊन होतं, ताईनं धपाटे आणि ठेचा पुढं केला, आणि मी मांडीवर तिसरी वही ठेवून उरलेल्या पाच दिवसांचे आकडे लिहून टाकले. दोन दिवसांवरून थोडे वर, थोडे खाली, एखादा जरा वेडावाकडा, म्हणजे खरा वाटावा. ताईनं विचारलं, "काय लिहून राहिलास एवढं?" मी म्हणालो, "तुमच्या वस्तीचंच आहे." ती शेजारणीला कौतुकानं सांगत होती, आपल्या वस्तीचं पोरगं लिहून राहिलंय.

गंमत बघा, ते आकडे त्या आठवड्यापुरते खोटे पण नसतील. ज्यांच्या मशिनी चालतात ते सगळे माझ्या पुढं-मागं बसले होते. कुणी गाणी म्हणत होतं, लेकरं ओकत होती. सबंध वस्ती त्या गाडीत होती आणि मी लिहीत होतो की वस्तीत दुपारी भार नाही. हे माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं? पुण्याच्या माणसाला दसऱ्याला वस्ती रिकामी होते हे ठाऊकच नाही. मला ठाऊक होतं, आणि मी त्या रिकाम्या वस्तीत थांबलो पण नव्हतो.

मॅडमनी आकडे संगणकात घातले. नकाशावर ती वस्ती हिरवी झाली. हिरवी म्हणजे दुपारी वीज मोकळी, गाड्या इकडं धाडा. वस्तीला लागून पडीक जागा आहे, तिथं चाळीस गाड्या एका वेळी चार्ज होतील असा आराखडा निघाला. आमचे मोठे सर खूश. आता महिन्यापूर्वी त्यांनी आधी सहाच गाड्या लावून बघितल्या. अजून त्यांच्यात माणूस बसलेला असतो, नुसतं हात मांडीवर ठेवून. तीन दुपारी लावल्या. पहिल्या दुपारी ताईचा फोन, "भाऊ, मशीन दम खाऊन राहिली रे, पंखा पण म्हाताऱ्यावानी फिरतो. तुझ्या ओळखीचं कुणी हाय का विजेतलं?" मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या दुपारी पण तेच. तिसऱ्या दुपारी तिच्या मशिनीची मोटर जळाली. शाळा जूनला उघडतात, गणवेश अर्धे कापून पडलेले. मी गेलो तेव्हा ती हातानं चाक फिरवून शिवत होती. डोळे न उचलता म्हणाली, "बस. चहा ठेवते. एवढी बाही होऊ दे." तिनं विजेवाल्यांना शिव्या दिल्या, उन्हाळ्याला दिल्या, मोटर विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. मी चहा प्यायलो. चांगला झाला होता चहा, आलं घातलेला.

चारेक दिवसांपूर्वी वस्तीची तक्रार ऑफिसात निघाली, तेव्हा सर म्हणाले, सहा गाड्यांनी काही होत नाही, मोटर जुनी असेल, आकडे स्वच्छ आहेत. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हो ना?" मॅडम पण बघत होती. मी मान हलवली, आबा. होकाराची हलवली. येत्या सोमवारी तो आराखडा मंजुरीला जायचा आहे. एकदा मंजूर झाला की चाळीसच्या चाळीस तिथं येणार, आणि संगणक रोज दुपारी शहरभरच्या गाड्यांना सांगत राहणार, तिकडं जा, तिथं कुणी नाही. मी खरं सांगितलं तर काम जातं, ते जाऊ दे, मी कितीतरी सोडली आहेत. पण आकड्यांखाली मॅडमची सही आहे. शेवटच्याला आधी म्हणणारा पोरगा खोटं कशाला लिहील, असं तिला वाटलं असणार.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी सुटी मागितली. कारण विचारलं तर तोंडातून निघालं, वडलांची तिथी आहे. तुम्ही गेलात श्रावणात, आणि मी तुम्हाला वैशाखात पुन्हा मारलं. सर म्हणाले, "जा, जा, त्याला नाही कसं म्हणणार." फोन बंद केला आणि गाडीत बसलो. घरी आई म्हणाली, "काहून आलास मधीच?" मी म्हणालो, सहज. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि भाकरी टाकायला घेतल्या. आज तिसरा दिवस. काल पाटकऱ्यासोबत कालव्याच्या शेवटापर्यंत चालत गेलो. चाचा आता नाहीत, त्यांचा लेक रान करतो, भुईमूग चांगला आहे. त्यानं मला ओळखलं नाही, मी पण ओळख दिली नाही. पाणी शेवटाला पोचलेलं नव्हतं. पाटकरी म्हणाला, पोचंल संध्याकाळपर्यंत, आता काही पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाई, वरून फोन येतेत. मी म्हणालो, खालच्याचा फोन येत नाही का? तो म्हणाला, "येतो की. पण त्यो काकुळतीला येतो, आन् वरचा माझं नाव विचारतो, सायबाला सांगाया."

मला कळत नाही तुम्ही कसं करत होतात. लोक तुमच्या तोंडावर बोलायचे. हळदवाले काका तर म्हणाले होते, पाणी सरकारचं आन् मिजास ह्याची. तुम्ही तंबाखू मळत ऐकून घ्यायचे आणि दार जिथं आहे तिथंच ठेवायचे. मला वाटायचं, तुम्हाला भीतीच नाही. आता वाटतं, असेल. ते निघून गेल्यावर तुम्ही मळून झालेली तंबाखू पुन्हा मळत बसायचे, आणि मी आजवर समजत आलो की ती सवय.

बाहेर पाटकरी कुणाशी तरी बोलतोय. थांबा जरा.

आबा, तो खिडकीत तोंड घालून सांगून गेला, "ओ पुणेकर, पाव्हणी आलीया तुमची. औंढ्याहून गाडी करून आलीया. घाबरू नका, गाडीला ड्रायव्हर हाय!" मी उठून बघितलं. मॅडम आहे. ती इथं कशी आली, कुणाला विचारून आली, काही कळत नाही. घरी जाऊन आईला भेटली असेल, तर तिथीचं काय ते तिला कळलंच असेल. काठाच्या मातीत तिच्या चपला रुततात, तिनं त्या हातात घेतल्या आहेत आणि पोळतंय म्हणून भराभर येतेय. काखेत कागद आहेत. मला वाटतं माझेच आहेत. पाच दिवसांच्या आकड्यांकडं तिनं नीट बघितलेलं दिसतंय, किंवा ती वस्तीत जाऊन आली असेल, ताईनं तिलाही आत बोलावलं असेल, आणि दसऱ्याचं, गाडीचं, वहीचं कौतुकानं सांगितलं असेल.

आता लिहायला वेळ नाही, म्हणून एवढंच कबूल करतो. मी सकाळी बसलो ते तुम्हाला लिहायला नाही. तिलाच लिहायला बसलो होतो. दोन पानं फाडली, "मॅडम, माझ्याकडून" याच्या पुढं हात जाईना, तेव्हा वर आबा घातलं आणि मग सुटलं सगळं. तर तुम्हाला सांगून झालंय. हे कागद इथंच राहतील, तिच्या हातात देणार नाही, वाचून घ्या म्हणणं सोपं पडेल म्हणून. ती चौकीच्या पायरीशी आली आहे आणि पाटकरी तिला पाणी देतोय. तिचं पाणी पिऊन झालं की मी तोंडानं सांगतो.